जुनी अभिजात पुस्तकं आणि फँटसी वाचल्यावर मनोगत लिहायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या काही महिन्यांत 'फ्रँकेन्स्टाइन', 'ड्रॅक्युला' आणि 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचून झाली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एलरॉन्डच्या सभेच्या प्रकरणापाशी अडकलं आहे. प्रत्येक पुस्तकावर मराठीत मनोगत लिहायचं आहे, पण लिहायला बसलं की कथेचा सारांश होतो आणि शेवटी 'खूप आवडलं, जरूर वाचा' एवढंच उरतं. चुकतंय कुठे?

चूक लिहिण्याच्या बऱ्याच आधी होते. पुस्तक मिटल्यावर आठवून लिहायला घेतलं, की हाताशी फक्त कथानक राहतं. शेवट कळल्यावर मन मागच्या सगळ्या पानांवर तो शेवट फासून टाकतं. शंभराव्या पानावर आपल्याला कोणाचा संशय होता, कुठे कंटाळून पुस्तक पालथं घातलं, कुठल्या वाक्याला मागे जाऊन पुन्हा वाचलं, हे सगळं पुसलं जातं. मनोगतात हवं असतं ते नेमकं हेच. कथानक कुणालाही कुठेही मिळतं. तुमचं वाचन फक्त तुमच्याकडे असतं, आणि तेही वाचता वाचता लिहून ठेवलं तरच.

जुनं अभिजात पुस्तक आणि फँटसी हे दोन प्रकार आपण वेगळे धरतो, पण वाचकाच्या बाजूने त्यांच्यात मोठं साम्य आहे. 'ड्रॅक्युला' निघाली त्या १८९७ चं लंडन आणि कल्पनेतली अर्थसीची बेटं, दोन्ही मुलूख आपल्याला सारखेच परके. तिथले रिवाज, धोके, नाती, शब्द पुस्तकच आपल्याला शिकवतं; तेही थोडंथोडं, कुणाच्या तरी तोंडून. म्हणून या दोन्ही प्रकारांत सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच असतो: हे मला कोण सांगतंय, ते मुळात कोणाला सांगतंय, आणि याच जागी का सांगतंय? हा प्रश्न धरून टिपणं काढली की सारांश आपोआप मागे पडतो. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

पहिलं काम म्हणजे हातात कोणती आवृत्ती आहे ते पाहणं. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या बाबतीत हे टाळून चालतच नाही. ती कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. १८३१ साली मेरी शेलीने तिच्यात बरेच बदल करून, स्वतःची प्रस्तावना जोडून नवी आवृत्ती काढली. बाजारात आज दोन्ही मिळतात, आणि स्वस्त ई-पुस्तकावर बहुतेक वेळा वर्ष छापलेलंच नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. प्रकरणं प्रत्येक खंडात नव्याने १ पासून सुरू होत असतील (७, ९ आणि ७ अशी), तर ती १८१८ ची संहिता. सलग २४ प्रकरणं असतील तर १८३१ ची. दुसरी खूण एलिझाबेथ: पहिल्या आवृत्तीत ती नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची सख्खी आतेबहीण आहे, दुसऱ्या आवृत्तीत कोमो सरोवराजवळच्या एका शेतकरी कुटुंबात सापडलेली अनाथ मुलगी. फरक नात्यापुरताच नाही. १८३१ च्या संहितेत व्हिक्टर स्वतःच्या कृत्याबद्दल (एक जीव निर्माण केल्याबद्दल) बोलताना नियतीचं नाव अधिक वेळा घेतो. १८१८ मध्ये निवडीचा भार त्याच्यावर जास्त पडतो. तेव्हा 'ही कादंबरी माणसाच्या अटळ दैवाबद्दल आहे' असं वाक्य लिहिण्याआधी आपण कोणती संहिता वाचली ते तपासा. मनोगताच्या पहिल्या परिच्छेदात आवृत्तीचं वर्ष लिहावं. अर्धी ओळ पुरते.

अनुवादाचंही तसंच. अनुवादकाचं नाव नसलेली प्रत आणि 'संक्षिप्त' असं बारीक अक्षरात छापलेली प्रत यांच्यावर मत बनवू नका. अरबी कथांचंच पाहा. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या, आणि 'सुरस आणि चमत्कारिक' ही जोडी मराठीत कायमची रुजली. पण अल्लादीन आणि अलीबाबा या सर्वांत प्रसिद्ध गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्या. त्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ याच्या फ्रेंच अनुवादातून त्या संग्रहात शिरल्या. त्याला त्या हाना दियाब या अलेप्पोच्या माणसाने पॅरिसमध्ये सांगितल्या होत्या. कोण सांगतंय हा प्रश्न मुखपृष्ठापासूनच सुरू होतो, तो असा.

अभ्यासकांची प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना वाचकाला शेवट माहीत आहे असं धरून लिहिलेल्या असतात. दुसऱ्याचं मत आधी डोक्यात गेलं की टिपणवहीत त्याचीच सावली पडते.

आता टिपणांची पद्धत. शंभर पानी वही पुरते. डावं पान पुस्तकाचं, उजवं तुमचं. पहिली तीस ते चाळीस पानं वाचताना डाव्या पानावर फक्त नावं आणि नाती लिहा, दुसरं काही नाही; परका मुलूख अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच, आणि त्याआधी काढलेली मतं बहुतेक खोडावी लागतात. त्यानंतर प्रत्येक बैठक संपली की दहा मिनिटं राखून ठेवायची. डावीकडे: कोणत्या प्रकरणापर्यंत आलो, सांगणारा कोण होता, ऐकणारा कोण, आणि एक वाक्य जसंच्या तसं उतरवून, प्रकरणाच्या क्रमांकासह. पानाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, प्रकरणाचा सहसा टिकतो. उजवीकडे: पुढे काय होईल याचा एक अंदाज, आणि एक अडखळण. अडखळण म्हणजे जिथे विश्वास बसला नाही, राग आला, समजलं नाही किंवा लक्ष उडालं ती जागा. अंदाज चुकला तर खोडू नका. चुकलेला अंदाज हा उत्तम कच्चा माल असतो, कारण लेखकाने तुम्हाला कुठे वळवलं ते त्यातून दिसतं.

पुस्तकात पेन्सिलीच्या तीनच खुणा ठेवाव्यात: समासात उभी रेघ म्हणजे उतरवण्याजोगं, प्रश्नचिन्ह म्हणजे अडखळण, आणि 'नि' म्हणजे नियम. (नियमाकडे अर्थसीच्या वेळी येतो.) खुणांचे प्रकार वाढवले की चौथ्या दिवशी पद्धतच सुटते. ई-पुस्तकावर वाचणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे हायलाइटचा पूर. एका प्रकरणाला दोनपेक्षा जास्त नकोत. दीडशे हायलाइट पुन्हा कोणी उघडत नाही.

'ड्रॅक्युला' या पद्धतीसाठी जणू बेतूनच लिहिलेलं पुस्तक आहे. त्याच्या २७ प्रकरणांत निवेदक असा कोणी नाही. रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्राचं कात्रण, जहाजाची नोंदवही यांतून सगळं उभं राहतं. डाव्या पानावर चार रकाने आखा: तारीख, कागद कोणता, कोणाच्या हातचा, आणि तो पुढे कोण वाचतं. पहिली चार प्रकरणं जोनाथन हार्करची रोजनिशी आहे, ३ मे ते ३० जून, लघुलिपीत लिहिलेली. पाचवं प्रकरण उघडलं की एकदम दोन मैत्रिणींची खेळीमेळीची पत्रं सुरू होतात आणि बहुतेक वाचक म्हणतात, इथे पुस्तक ढिलं पडलं. रकान्यातली तारीख पाहा: पत्र ९ मेचं आहे. म्हणजे आपण मागे आलो आहोत. जोनाथन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात कैदी झाला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या वाग्दत्त वधूला, मीनाला नाही. ती लग्नाचे बेत आखते आहे. ढिलाई वाटते ती जागा खरं तर सगळ्यात ताणलेली आहे, आणि तारखा टिपल्या नाहीत तर तो ताण हातून निसटतो.

सातव्या प्रकरणात काउंट ड्रॅक्युलाला इंग्लंडला आणणारं डिमिटर जहाज व्हिटबीच्या बंदरात शिरतं. सुकाणूला हात बांधलेल्या अवस्थेत कप्तानाचं प्रेत. त्याची नोंदवही आपल्याला वाचायला मिळते, पण कशी? कप्तानाने लिहिली, रशियन वकिलातीच्या कारकुनाने तोंडी भाषांतर करून सांगितली, बातमीदाराने उतरवून घेतली, आणि मीनाने ते कात्रण आपल्या रोजनिशीत चिकटवलं. चार हात. इतक्या हातांतून येऊनही भीती कमी होत नाही, उलट वाढते, कारण यातल्या एकालाही आपण काय पुढे पोचवतो आहोत ते उमगलेलं नाही. सतराव्या प्रकरणात डॉ. सेवर्डची फोनोग्राफवर बोललेली रोजनिशी मीना ऐकते आणि टंकलिखित करते. इथून पुढे पात्रंच एकमेकांचे कागद वाचू लागतात आणि आपल्याइतकी जाणती होतात. शेवटच्या टिपणात हार्कर कबूल करतो की हाती उरला आहे तो टंकलिखित कागदांचा ढीग, अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळपास एकही नाही. आणि या सगळ्या कागदांत काउंटच्या स्वतःच्या हातचं कितीसं आहे? किल्ल्याच्या वाटेवर हार्करला मिळालेली स्वागताची चिठ्ठी, आणि किल्ल्यात टेबलावर ठेवलेली एक छोटी चिठ्ठी. ज्याच्या नावाने पुस्तक आहे त्याची बाजू कोणीच लिहून ठेवलेली नाही. मनोगताला एवढा एक धागा पुरतो; सगळी कथा सांगायची गरजच राहत नाही.

'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये कागद शेजारी शेजारी नाहीत, डब्यात डबा आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो. त्या पत्रांत व्हिक्टरची हकीकत. तिच्या पोटात, १८३१ च्या क्रमांकाप्रमाणे ११ ते १६ या प्रकरणांत, त्या निर्मित जिवाचं स्वतःचं बोलणं. आणि त्याच्याही आत डी लेसी कुटुंबाची कथा. वहीत हे कंसांनी काढा, प्रत्येक नवा सांगणारा आला की एक बोट आत सरकून. मग उत्तरार्धातली एक छोटी जागा निसटणार नाही: वॉल्टन आपली हकीकत लिहून घेतो आहे हे कळल्यावर व्हिक्टर ती टिपणं मागून घेतो आणि स्वतः त्यांत दुरुस्त्या करतो, भर घालतो, विशेषतः आपल्या शत्रूबरोबरच्या संभाषणांत. म्हणजे त्या जिवाचं जे हृदय हलवणारं भाषण आपण वाचलं, ते त्याच्या वैऱ्याच्या हातून दुरुस्त होऊन आपल्यापर्यंत आलं आहे. तरीही ते व्हिक्टरला दोषी ठरवतं. ही गोष्ट लक्षात आली की कादंबरी पुन्हा पहिल्यापासून उघडावीशी वाटते, आणि मनोगत तिथून सुरू करता येतं.

याच दोन पुस्तकांच्या बाबतीत सिनेमाची भेसळ फार होते. फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचं नाव, निर्मिताला नावच नाही. वादळातली वीज खेचून देहात प्राण ओतण्याचा देखावा कादंबरीत नाही. नोव्हेंबरमधली एक पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती आणि उघडलेला एक डोळा, एवढंच आहे. ड्रॅक्युला उन्हात जळून जात नाही. तेराव्या प्रकरणात हार्कर त्याला भर दिवसा पिकॅडिलीत पाहतो. उन्हाने पिशाच मरण्याची कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या चित्रपटातून पसरली. मनोगतात कुठलंही दृश्य लिहिलंत की त्याच्यापुढे प्रकरणाचा क्रमांक घालून पाहा. घालता आला नाही तर ते दृश्य बहुधा पडद्यावरून आलेलं आहे.

आता फँटसी. इथे सारांशाच्या जोडीने दुसरा सापळा असतो तो 'वर्ल्ड बिल्डिंग जबरदस्त आहे' या वाक्याचा. जग कसं बांधलं आहे ते पाहायला नियम शोधावे लागतात, म्हणून ती 'नि'ची खूण. प्रत्येक नियमाच्या तीन जागा वहीत नोंदवा: तो पहिल्यांदा कुठे कळला, पहिल्यांदा कुठे कसोटीला लागला, आणि त्याची किंमत कोणी मोजली. चांगल्या फँटसीत तिन्ही जागा सापडतात. तिसरी सापडली नाही तर तुमचा विश्वास नेमका तिथेच ढळला असेल. उजवं पान उलटून खात्री करा.

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) लहानसं पुस्तक आहे, अवघी दहा प्रकरणं, त्यामुळे हा सराव त्याच्यावर उत्तम होतो. नियम: ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर सत्ता चालते. मुलाचं लहानपणीचं नाव डनी, चारचौघांत वापरायचं नाव स्पॅरोहॉक, आणि तेराव्या वर्षी नदीच्या पाण्यातून चालत आल्यावर त्याचा गुरू ओगियन त्याला देतो ते खरं नाव गेड. रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या शाळेत सहाध्यायी जॅस्परशी लागलेल्या पैजेपायी गेड मेलेल्या स्त्रीला हाक मारतो आणि जगाला पडलेल्या फटीतून छाया सुटते. ती फट बुजवताना महामांत्रिक नेमर्लचा जीव जातो. ही पहिली किंमत, आणि ती मोजतो दुसराच. पुढे पेंडॉर बेटावरच्या ड्रॅगनचं नाव गेड जुन्या बखरींवरून ओळखतो. ड्रॅगन त्याला सौदा देऊ करतो: छायेचं नाव सांगतो, मला सोड. गेड ते नाकारतो आणि बेटांकडे पुन्हा फिरकणार नाही अशी शपथ ड्रॅगनला घ्यायला लावतो. एकच नियम, दोन कसोट्या, आणि मधल्या काळात मुलगा किती वाढला ते कुठेही न सांगता दिसतं.

मराठी वाचकाला इथे आपलं काही आठवणं साहजिक आहे. आपल्याकडेही पत्रिकेवरचं जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं असतं. हे साम्य जरूर लिहा, पण फरकासह. आपलं जन्मनाव राशीच्या अक्षरावरून येतं आणि घरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. अर्थसीत खरं नाव सांगणं म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणं. म्हणूनच गेडचा मित्र व्हेच आपलं नाव त्याला सांगतो ती जागा एवढी मोलाची आहे. साम्य दाखवून थांबलं की मनोगत उथळ होतं. फरक लिहिला की दोन्ही बाजू उजळतात. आणखी एक कसोटी: गेडचा रंग तांबूस-तपकिरी आहे, व्हेच काळा आहे, गोरे आहेत ते चढाई करून येणारे कार्ग. हे पुस्तकात सहज, गाजावाजा न करता येतं. वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर गेड कसा उभा राहिला होता, ते प्रामाणिकपणे लिहा.

शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न मराठीत लिहिताना येतोच. माझं ठाम मत असं की अशा पुस्तकांवर लिहायला आपल्याकडे तयार आणि फार नेमकी परिभाषा आहे आणि आपण ती वापरत नाही. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, भयानकाचा भय, बीभत्साचा जुगुप्सा. 'ड्रॅक्युला'ची पहिली चार प्रकरणं ही परिभाषा हातात घेऊन पुन्हा चाळा. दुसऱ्या प्रकरणात दाढीच्या आरशात काउंटचं प्रतिबिंब दिसत नाही: विस्मय. तिसऱ्यात तो किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून सरड्यासारखा उतरतो: भय. चौथ्यात तो मातीच्या पेटीत, रक्त पिऊन तट्ट फुगलेल्या जळवेसारखा पडलेला आढळतो: जुगुप्सा. प्रत्येक प्रकरणाला एक पायरी, आणि पायऱ्यांचा क्रम बदलला तर परिणाम कोसळतो. 'अंगावर काटा आला' या वाक्याने हे कधीच सांगता येणार नाही. फक्त रसांची नावं माळेसारखी ओवू नका. एक भाव दुसऱ्यात कुठल्या वाक्याशी पालटतो ते दाखवता येत असेल तरच वापरा.

जुन्या पुस्तकांतले पूर्वग्रह टोचतात, आणि ते लिहायलाच हवेत. 'ड्रॅक्युला'तले जिप्सी आणि स्लोव्हाक लोक जवळपास फक्त काउंटचे भाडोत्री म्हणून येतात. पूर्वेकडे निघालेल्या इंग्रज वकिलाची नजर हार्करच्या पहिल्याच नोंदीपासून आहे, आगगाड्या जितकं पूर्वेला जावं तितक्या उशिरा धावतात अशी त्याची तक्रार. इंग्रजांच्या वसाहतीत राहिलेल्या समाजाचा वाचक ही नजर चटकन ओळखतो. पण त्यासाठी मनोगताच्या शेवटी वेगळा निषेधाचा परिच्छेद जोडू नका. जिथे टोचलं तिथेच, त्या प्रकरणाच्या संदर्भात लिहा. म्हणजे ती वाचनाचीच नोंद राहते.

फँटसीत 'हे अमुकचं रूपक आहे' असं म्हणण्याचा मोह वेगळाच. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात टोल्किनने ही कथा दुसऱ्या महायुद्धाचं रूपक असल्याचं स्पष्ट नाकारलं आहे. तसं असतं तर अंगठी खलनायक सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती, असं तो सांगतो. रूपक लेखकाच्या ताब्यात असतं आणि लागू पडणं वाचकाच्या मुभेत, हा त्याचा भेद लिहिणाऱ्याच्या फार कामाचा आहे. 'अंगठी म्हणजे सत्ता' हे वाक्य दार लावून घेतं. 'बोरोमिर बोलू लागला तेव्हा मला अमुक आठवलं' हे वाक्य तुमचं आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही.

लेखनाचा आकार सहाशे ते आठशे शब्द धरा. कथानकाला त्यातले दीडशे पुरेत. सुरुवात वहीतल्या सगळ्यात तीव्र अडखळणीने करावी, लेखकाच्या जन्मसालाने नको. उतारा एकच, स्वतः केलेल्या मराठी अनुवादात, तसं नमूद करून. रसभंग होईल अशा गोष्टी पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांशातल्या असतील तर चालतात; त्यापुढचं काही सांगायचं असेल तर परिच्छेदाआधी इशारा द्या. नावांचे उच्चार देवनागरीत लपवता येत नाहीत, म्हणून ते तपासावे लागतात: टोल्किनच्या परिशिष्ट 'ई'प्रमाणे एल्फांच्या नावांतला सी नेहमी क असतो, तेव्हा केलेबॉर्न, सेलेबॉर्न नव्हे. लिहून झालं की तीन दिवस ठेवून द्या. मग प्रत्येक वाक्यापाशी एवढंच विचारा: पुस्तक न वाचता, फक्त मलपृष्ठ वाचून हे लिहिता आलं असतं का? आलं असतं ती वाक्यं काढा. पहिल्या खर्ड्यातला तिसरा हिस्सा सहज गळतो.

चौथ्या पुस्तकानंतर काय, असं विचारलंत तर 'कथासरित्सागर' घ्या. अभिजातही तेच, अद्भुतही तेच. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने सूर्यमती राणीसाठी रचलेला हा ग्रंथ १८ लंबक (विभाग) आणि १२४ तरंगांचा (प्रकरणांचा) आहे. सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतला तर दमछाक होते. आधी पहिला लंबक, कथापीठ, फक्त आठ तरंग. तिथे ग्रंथ स्वतःचीच जन्मकथा सांगतो. शंकर पार्वतीला गोष्ट सांगतो, पुष्पदंत हा गण चोरून ऐकतो, शाप मिळतो, आणि शाप भोगायला खाली आलेला दुसरा गण गुणाढ्य होतो, तो आपल्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला. राणी जलक्रीडेत 'मोदकैः' (मा उदकैः) म्हणते, 'पाणी मारू नका' या अर्थाने. सातवाहन राजा लाडू मागवतो आणि हसं होतं. संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर पैज लागते, गुणाढ्य हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडतो. उरते ती पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा. तिच्यात स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहितो. राजा नाकारतो, तेव्हा रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत ते जाळत जातो. सहा लाख जळतात, एक लाख वाचतात. कोण सांगतंय, कोणाला, कोणत्या भाषेत, आणि वाटेत किती हरवलं: वर जे शिकायला सांगितलं ते सगळं इथे एकाच कथेत आहे. त्यानंतर बाराव्या लंबकातल्या वेताळाच्या पंचवीस गोष्टी घ्या, रोज एक.

राहिली ती अडकलेली सभा. पहिल्या खंडातल्या दुसऱ्या भागाचं ते दुसरं प्रकरण अवघड वाटतं, कारण घटना जवळपास शून्य आणि सांगणारे आठ-नऊ. ते एका बैठकीत वाचू नका, तीन करा: पहिली बिल्बो आणि फ्रोडो यांच्या हकिकती संपेपर्यंत, दुसरी गॉलम निसटल्याची लेगोलसची बातमी येईपर्यंत, तिसरी सारुमानच्या दगाबाजीपासून शेवटापर्यंत. डाव्या पानावर बोलणाऱ्याचं नाव, तो किती जुनी गोष्ट सांगतो आहे, आणि ती त्याने स्वतः पाहिली की ऐकली, एवढं टिपा. पुढचे दोन खंड वाचताना परिशिष्ट 'बी'मधला कालक्रम उघडू नका. तिसरा भाग एका वाटेचा आणि चौथा दुसऱ्या वाटेचा अशी रचना आहे ती तुम्हाला अंधारात ठेवण्यासाठीच, आणि तारखा पाहिल्या तर पाचव्या भागाच्या शेवटचा धक्का जातो.

सभेत बिल्बो बोलायला उठतो तिथे पेन्सिल तयार ठेवा. आपण ही गोष्ट आधी कोणाला वेगळी सांगितली असेल तर ती विसरा आणि मला माफ करा, असं तो म्हणतो. ही माफी कादंबरीबाहेरही लागू आहे. 'द हॉबिट' या टोल्किनच्या आधीच्या, १९३७ च्या कादंबरीत गॉलम अंगठी आपणहून पैजेला लावतो. १९५१ च्या आवृत्तीत टोल्किनने ते प्रकरण बदललं, आणि जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने रचलेलं खोटं होतं, असं नव्या कादंबरीच्या पूर्वरंगात सांगून टाकलं. छापून गेलेली आवृत्ती त्याने एका पात्राच्या तोंडी घातली. सभा उद्या पुन्हा उघडाल तेव्हा उजव्या पानावर पहिला प्रश्न हा लिहा: इथे जमलेल्यांपैकी आणखी कोण आपली गोष्ट थोडी फिरवून सांगत असेल?